सेनच्या काठावरचे हसू

विनोद समजावून सांगायला लागले की तो मरतो, हे ठाऊक असूनही एम.ए.च्या वर्गात मी तेफीचा विषय काढला. नादेझ्दा लोख्वीत्स्काया (१८७२–१९५२) हे तिचे खरे नाव. क्रांतीनंतर, १९१९ साली, ती रशियाबाहेर पडली आणि कॉन्स्टँटिनोपलमार्गे पॅरिसला पोचली. १९२० मधल्या तिच्या ‘के फेर?’ या कथेत एक निर्वासित सेनानी कोंकोर्द चौकात उभा राहून आभाळ, इमारती, दुकाने न्याहाळतो, सारे छान असल्याची कबुली देतो आणि विचारतो, पण करायचे काय? विचारतो फ्रेंचमध्ये, मात्र त्या फ्रेंचला रशियन शेपूट जोडून. त्या कथेतले रशियन एकमेकांच्या नावाआधी ‘चोर’ हा शब्द इतक्या सवयीने लावतात, की तो आपल्या ‘श्रीयुत’सारखा अर्थहीन होऊन जातो.

इथवर वर्ग हसला. फसलो पुढे. ‘गोरोदोक’मध्ये हीच मंडळी, आपण सेनवरच्या कुत्र्यांसारखे जगतो, अशी तक्रार करतात. रशियनमध्ये वाळल्या गवताला ‘सेनो’ म्हणतात. विभक्ती लागली की गवत आणि सेन नदी यांचे रूप एकच होते. आणि गवतावरचा कुत्रा म्हणजे स्वतः खात नाही, दुसऱ्यालाही खाऊ देत नाही तो. मी दोन्ही रूपे फळ्यावर लिहिली. मुलांनी ती वहीत उतरवून घेतली!

तेफी हसते ती त्यांच्यातलीच एक होऊन. चोरांच्या यादीत तीही आलीच. नाबोकोव्हच्या ‘प्निन’मध्ये (१९५७) दुसरे हसू आहे. अमेरिकन महाविद्यालयात रशियन शिकवणाऱ्या प्निनच्या मोडक्या इंग्रजीची नक्कल कॉकरेल हा इंग्रजीचा विभागप्रमुख वर्षानुवर्षे करत राहतो, इतकी की शेवटी ती नक्कलच त्याच्या मानगुटीवर बसते. ही कादंबरी मी एका बैठकीत वाचू शकलो नाही. कारण साहित्यिक नव्हते.

आमच्याकडे केरळातून आलेले गणिताचे एक प्राध्यापक होते. लिंगभेदाने त्यांना अखेरपर्यंत दाद दिली नाही. (मराठीचे लिंग आमच्या पदवीधरांनाही कुठे वश आहे, पण ते असो.) त्यांची नक्कल स्टाफरूममध्ये मी करीत असे आणि ती वठे, असे सगळे म्हणत. एकदा ऐन रंगात ते दारात येऊन उभे राहिले. पूर्ण ऐकून घेतले. मग शांतपणे म्हणाले, “सर, एक दुरुस्ती. मी ‘परीक्षा झालं’ नाही म्हणत. ‘परीक्षा झाला’ म्हणतो.”

सगळे खळखळून हसले, तेही हसले. मग कपाटातून हजेरीपट काढून ते तासावर गेले.