न पोचलेला चेंडू

आमच्या घरात डेरेक जीटरबद्दल वाईट बोलायची सोय नव्हती. न्यू जर्सीत आल्यावर बेसबॉल मी त्याच्याकडे बघूनच शिकले. यांकीजचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला राखणदार. 1 जुलै 2004 ला रेड सॉक्सविरुद्ध झेल घेऊन तो थेट प्रेक्षकांत कोसळला, हनुवटी फुटली... मी सोफ्यावरून उठून उभी! पाच गोल्ड ग्लव्ह मिळाले त्याला, उगाच का?

लेक मात्र आकडे काढतो. "आई, ज्यांच्यापर्यंत तो पोचलाच नाही, ते चेंडू मोज." 2006 साली बिल जेम्सने ह्यूस्टनच्या अ‍ॅडम एव्हरेटशी त्याची तुलना केली, त्यातही एव्हरेटच सरस ठरला.

हातातून सुटला तर ती चूक धरतात. दोन पावलं लांबून गेला तर ती फलंदाजाची हिट, आणि आपणही म्हणतो, "काय मारला!"

परवा तोच 2004 चा सामना पुन्हा लावला. ठरवलं, या वेळी फक्त जीटरचे पाय बघायचे. पण बॉल मारला जाईपर्यंत कॅमेरा पिचर आणि फलंदाजावरच. तो कुठे उभा होता, कधी निघाला, दिसतच नाही. इतकी वर्षं मी नक्की काय बघत होते?

लेक गालातल्या गालात हसत होता. असो. तो झेल आला तेव्हा मी पुन्हा उभी राहिले.