उताराचा आकडाही बघ

चि. सायलीस,


वेस्टर्न स्टेट्स शर्यतीच्या लॉटरीत तुझं नाव लागलं म्हणून ताईने पेढे वाटले, आणि वाटता वाटता ‘शंभर मैल पळायचंच कशाला’ हेही चारदा विचारलं. ते तुमचं तुम्ही मिटवा. मला खटकलं ते तुझं वाक्य, की ‘मामा, एकंदरीत कोर्स खालीच उतरतो, तेवढं बरं आहे.’

ऑलिम्पिक व्हॅली ते ऑबर्न या 161 किलोमीटरमध्ये चढाची बेरीज साधारण 5,500 मीटर आहे, उताराची 7,000. तू वजाबाकी करून 1,500 वर खूश झालीस. पायांना मात्र दोन्ही बेरजा पुरत्या भरायच्या असतात. तुझ्या फ्रीमाँटचा मिशन पीक साधारण 640 मीटर उतरतो. तसा अकरा वेळा उतरायचा, तोही मधले चढ चढून.

चढाची मला काळजी नाही. पहिल्या सात किलोमीटरांतच एमिग्रंट पासपर्यंत पावणेआठशे मीटर चढ आहे. तो सरळ चालत जा. दम लागला की शरीर आपणहून वेग कमी करतं. उतारावर असं कुणी टोकत नाही. श्वास शांत, नाडी शांत, घड्याळात वेग झकास! पण दर पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ब्रेक लावत असतो. आकसायला बघतो आणि त्याच वेळी ताणला जातो. त्यात त्याचे तंतू बारीक बारीक दुखावतात. दुखणं एक-दोन दिवसांनी येतं, ताकद मात्र तिथल्या तिथेच जाते. संशोधक मिनेट्टी आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये मोजून दाखवलं, की धावताना सर्वांत कमी ऊर्जा लागते ती सुमारे 20 टक्के उतारावर. खरं आहे, पण ते फक्त ऊर्जेचं बिल. स्नायूंचं वेगळं येतं. आणि ते येतं फॉरेस्टहिल गावानंतर. शंभर किलोमीटर झालेले, वाटेतल्या कॅनियनमधल्या उन्हाने जीव काढलेला, आणि पुढे नदीपर्यंत पंचवीसेक किलोमीटर बहुतांशी पळता येण्याजोगा उतार. मांड्या शाबूत असतील तर तिथे वेळ कमावशील, नाहीतर तोच उतार लंगडत उतरशील.

 

उतारही सरावाने अंगवळणी पडतो. एकदा मांड्या सडकून भरल्या की पुढचे काही आठवडे तसाच उतार कमी बाधतो. आपल्याकडे सिंहगडावर सरावाला येणारे काही जण धावत चढतात आणि जीपने उतरतात. मला ते नेहमीच उलटं वाटत आलंय.

मेअखेर, मेमोरियल डेच्या सुट्टीत, कोर्सवरच सरावाच्या धावा असतात. पहिल्या दिवशी रॉबिन्सन फ्लॅट ते फॉरेस्टहिल, म्हणजे कॅनियनचा भाग. तीनही दिवस जमलं नाही तरी तो सोडू नकोस. शर्यतीला तेव्हा चारेक आठवडे उरलेले असतील. आणि त्या सरावानंतर दोन दिवसांनी घरचा जिना कशी उतरतेस, ते मला कळव.

तुझा,
मामा