लॅपटॉप, राउटर आणि दोन फुटी भिंत

लग्नाची पत्रिका जुळवायला गुरुजी असतात. लॅपटॉप आणि राउटरची मात्र आपली आपणच बघायची! हे ज्ञान मला झालं तुळजापुरात. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून महिनाभर घरी राहायचं ठरलं होतं. काम सोबत न्यायचं आणि पुण्याच्या एडिटरला कॉपी वेळेवर पाठवायची, बस्स. त्यासाठी घरी खास फायबर कनेक्शनही घेतलं.

पण नेट चालायचं फक्त मोबाईलवर. लॅपटॉपला राउटरचं नाव दिसायचं, पासवर्डही बरोबर, तरी कनेक्ट काही होईना. जोडणी करायला आलेला मुलगा म्हणाला, "ताई, मोबाईलवर तर भारी चालायलंय की! तुमचा लॅपटॉपच जुना झालाय, नवा घ्या." फ्रीलान्सरला हा सल्ला म्हणजे... जाऊ दे. नवा लॅपटॉप म्हणजे माझं दोन-तीन महिन्यांचं मानधन. नाहीतर बाबांच्या डोळ्यांत ड्रॉप टाकायचं काम आईवर सोडून मी पुण्याला परत.

मग मीच खोदकाम सुरू केलं. राउटर दोन नावं दाखवत होता, एकाच्या शेपटाला '५जी'. मोबाईलला दोन्ही दिसायची, लॅपटॉपला एकच. गंमत म्हणजे या ५जीचा मोबाईलच्या ५जीशी काडीचाही संबंध नाही, ते ५ गिगाहर्ट्झ! माझ्या लॅपटॉपचं कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झवालं, २००९च्या '८०२.११एन' स्टँडर्डचं. २०१८ मध्ये वाय-फाय अलायन्सनं सोपी नावं दिली, तेव्हा त्याचं 'वाय-फाय ४' झालं. राउटर 'वाय-फाय ६'चा. पण २.४ वर नवा राउटर जुन्या कार्डाशी त्याच्या चालीनं बोलतो, त्यामुळे भांडण इथं नव्हतंच. आणि ५ गिगाहर्ट्झ मिळूनही काय करणार? वेग जास्त, पण भिंती ओलांडताना दम लवकर जातो. आमचं घर जुनं, काळ्या दगडाच्या दोन फुटी भिंतींचं. माजघरात मोबाईलसुद्धा निमूटपणे २.४ वर येतो.

खरी गोम होती सिक्युरिटीत. राउटरवर फक्त 'डब्ल्यूपीए ३' सुरू होतं. ते २०१८चं, माझं कार्ड २००४च्या 'डब्ल्यूपीए २'पर्यंतच शिकलेलं. राउटरच्या स्टिकरवरचा पत्ता मोबाईलच्या ब्राउझरमध्ये टाकला, वायरलेस सिक्युरिटीत दोन्हींचं 'मिक्स्ड' निवडलं, सेव्ह केलं... आणि लॅपटॉप जोडला गेला! काही जुनी कार्डं मिक्स्डलाही बिचकतात. तसं झालं तर नुसतं डब्ल्यूपीए २ ठेवा आणि पासवर्ड दणकट. 'ओपन' मात्र अजिबात नको. नवरात्रात आमच्या गल्लीतून अख्खा महाराष्ट्र जातो!

तुमच्या लॅपटॉपचं कार्ड कुठलं, ते विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'नेटवर्क अडॅप्टर्स'खाली दिसेल. नावात 'एसी' किंवा 'एएक्स' असेल तर ५ गिगाहर्ट्झ चालतं. नुसतं 'एन' असेल तर बहुधा नाही. हवंच असेल तर ड्युअल बँडचा यूएसबी डोंगल घ्या, नव्या लॅपटॉपपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. मी नाही घेतला. माजघरात त्याचा उपयोग शून्य.