कुंडीवरचं मीठ

कुंडीच्या पोटावर पांढरं उमटलं होतं. आधी वाटलं, भिंतीला चुना दिला तेव्हा ओघळ आला असेल. बोटानं खरवडलं तर बारीक भुकटी निघाली. जिभेला लावली. खारट, आणि मागून किंचित कडू.

मातीची कुंडी आतलं पाणी अंगाबाहेर काढते. पाणी उडून जातं, मीठ मागं राहतं. उन्हाळ्याच्या तोंडी पूर्णेकडच्या शेतांमध्ये बांधाच्या कडेला असंच पांढरं चढतं. लांबून कुणी रांगोळीचा डबा सांडून गेल्यासारखं दिसतं. आमच्या संग्रामपूर तालुक्यात उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी, सोनाळा-टुनकीकडं, संत्र्याच्या बागा आहेत. तिथून थोडं खाली पूर्णेकडं उतरलं की बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. अमरावती, अकोला, बुलढाणा, तिन्ही जिल्ह्यांतून पूर्णेच्या दोन्ही अंगांनी हा खारपाणपट्टा गेला आहे. समुद्र इथून शेकडो कोस लांब आहे. तरी मीठ आमच्या पायाखालीच आहे.

आणि त्या कुंडीत जे झाड होतं, त्याचं नावच समुद्रावरून पडलेलं. रोझमेरी. लॅटिनमधलं ‘रोस मारिनुस’ म्हणजे समुद्राचं दव. भूमध्य समुद्राच्या काठावर, चुनखडीच्या उतारांवर, खाऱ्या वाऱ्यात वाढणारं झुडूप वरवट बकालच्या अंगणात स्वतःच्याच कुंडीवर मीठ काढून बसलं होतं. मी बराच वेळ तिथं उकिडवी बसून राहिले.

हे झाड आमच्याकडं आलं ते केसांमुळं. पुतणी दिवाळीला पुण्याहून आली, तिच्या पिशवीत फवाऱ्याची बाटली. त्यात रोझमेरीची पानं उकळून गाळलेलं पाणी. रोज रात्री केसांच्या मुळांशी मारायची. “काकू, तुझ्याकडं एवढं अंगण आहे, एक झाड लाव ना. मला विकत घ्यावं लागणार नाही.” खामगावच्या वाटेवरच्या एका रोपवाटिकेतून मी रोप आणलं. केसांचं खरं-खोटं मी पुढं वाचून काढलं. २०१५ साली इराणमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आनुवंशिक टक्कल पडणाऱ्या शंभर जणांपैकी निम्म्यांना सहा महिने रोझमेरीचं तेल, निम्म्यांना दोन टक्के मिनॉक्सिडिल हे केसवाढीचं औषध दिलं, आणि शेवटी दोन्हीकडं केसांची वाढ जवळपास सारखी निघाली. एवढंच. ते तेल होतं, उकळलेलं पाणी नव्हतं. पुतणीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, वास तरी चांगला आहे. तेही खरं आहे.

पहिलं रोप मी मारलं. तुळशीला जशी माया करतो तशी याला केली. शेतातली काळी माती, त्यात भरपूर शेणखत, सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी. तीन आठवड्यांत खालची पानं तपकिरी झाली, हात लावला की गळायला लागली. मला वाटलं, तहानलंय. मी पाणी वाढवलं. उपटलं तेव्हा मुळं काळी पडलेली होती आणि त्यांना गटाराचा वास येत होता. आमची काळी माती पाणी धरून ठेवते. कपाशी तिच्या याच गुणावर जगते, आणि याच गुणानं रोझमेरी मरते. तिच्या मुळांना ओलाव्याइतकीच हवाही लागते.

दुसऱ्या वेळी निम्मी वाळू घेतली, थोडी माती, थोडं चांगलं कुजलेलं शेणखत, बुडाशी विटांचे रोडे, आणि प्लास्टिकची कुंडी सोडून मातीची. बोट दोन पेरं खुपसून बघायचं. कोरडं लागलं तरच पाणी, आणि मग बुडातून वाहीपर्यंत. झाड धरलं. पण दोन महिन्यांत पानांचे शेंडे जळल्यासारखे दिसायला लागले, आणि मग कुंडीवर ते पांढरं. खाऱ्या वाऱ्याची सवय असलेलं झाडही कुंडीत साठत जाणारं मीठ किती सोसणार? बोअरचं पाणी त्या दिवसापासून बंद केलं.

खोडाला बोटं लावून बघावं. कोवळी फांदी गोल नसते, चौकोनी असते. पानं समोरासमोर, जोडीजोडीनं. म्हणजे ही तुळशीच्या घरातली. सब्जा, पुदिना, मरवा, सगळे त्याच कुळातले. माझ्या मायनं पान चुरगळून नाकाशी नेलं आणि म्हणाली, “हे तं निरगुडीवानी वास मारते.” तिचं नाक अजून पक्कं आहे. कापूर, निलगिरी आणि कुठं तरी निरगुडीही त्यात आहे. मला स्वतःला मरवा जास्त आवडतो. रोझमेरीचा वास समोर येऊन उभा राहतो. मरव्याचा वास मात्र गजऱ्यात मागं मागं राहतो, आणि बाई निघून गेल्यावर खोलीत सापडतो. मरवाही मूळचा तिकडचाच, सायप्रस-तुर्कस्तानचा. कधीतरी आला आणि इतका आमचा झाला की त्याला परका म्हटलं तर लोक भांडतील.

शब्दांचंही तसंच. आमच्या गावाच्या नावातलं ‘बकाल’ ऐकून बाहेरची माणसं चेहरा करतात. बकाल म्हणजे भकास, घाण, असाच अर्थ त्यांना माहीत असतो. पण जुना ‘बक्काल’ म्हणजे वाणी, किराणा विकणारा. आणि त्या शब्दाच्या अरबी मुळाशी ‘बक़्ल’ आहे, म्हणजे भाजीपाला, हिरवा पाला. पाला विकणारा तो बक्काल. मी या अर्थाला धरून आहे.

बोअरचं पाणी बंद केलं, मग द्यायचं कुठलं? नळाचं पाणी येतं तेव्हा ते पिण्याला आणि डाळीला. कॅनचं पाणी कुंडीत ओतायला हात धजत नाही. पावसाचं पाणी धरून ठेवावं असं डोक्यात आलं, आणि ते येताच मला साबणाचा फेस आठवला.

मी लहान होते तेव्हा घरात पाण्याच्या दोन जाती होत्या. गोडं आणि खारं. गोडं पाणी लांबून यायचं, बैलगाडीवरच्या टाकीतून किंवा डोक्यावरून. त्याचा माठ देवघराशेजारी, वर पितळी झाकण. त्यात पेला बुडवला तर बोलणी बसायची. वगराळ्यानंच घ्यायचं. चहा त्याचा, डाळ त्याची, कारण खाऱ्या पाण्यात तुरीची डाळ दुपारपर्यंत चुलीवर ठेवली तरी दाणा दाण्याला ओळख देत नाही. बाकी सगळं खाऱ्यावर: कपडे, भांडी, अंघोळ. आणि केस. खाऱ्या पाण्यात साबण फेसाळत नाही, फाटतो. नासलेल्या दुधासारख्या पांढऱ्या गुठळ्या होतात आणि त्या केसांत अडकून बसतात. वाळल्यावर केस अंबाडीच्या दोरासारखे. माय रविवारी फणी घेऊन बसायची आणि माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. घरातल्या सगळ्या बायकांच्या वेण्या घट्ट असायच्या. तेव्हा वाटायचं ती रीत आहे. पुढं कळलं, सैल सोडावे असे केसच राहत नव्हते.

मृगाचा पहिला पाऊस धरायचा नसे. तो टिनावरची धूळ, चिमण्यांची घरटी, वर्षाची काजळी धुऊन न्यायचा. दुसरा किंवा तिसरा आला की पडवीच्या कडेखाली ओळीनं भांडी लागायची. गंगाळ, बादल्या, परात, दुधाचं पातेलं, अगदी पोळ्यांचा डबासुद्धा. टिनावरून धारा पडायच्या आणि प्रत्येक भांड्याचा आवाज वेगळा. भांडं भरत आलं की आवाज जाड होत जायचा. आजी आवाजावरूनच सांगायची, “परात भरली, काढ वं.” पाऊस थांबला की न्हाण्याची पाळी लागे. आधी आजी, मग माय, मग दोन्ही काकू, मग आम्ही पोरी. त्या दिवशी पुरुषांना कुणी विचारत नसे. ते बाहेर बसून विड्या ओढायचे.

माझी पाळी आली त्या वर्षी मी पाच-सहा वर्षांची असेन. त्याआधी खाऱ्या पाण्यानंच न्हाले होते, निदान आठवत तरी तेवढंच होतं. मायनं डोक्यावर पाणी ओतलं, साबणाची वडी फिरवली, आणि फेस यायला लागला. येतच राहिला. कानांवर आला, कपाळावरून उतरला, मी हातानं पुसला तर हातावर वाढला. मला भीती वाटली. हा थांबणारच नाही, मी यात बुडेन. मी ओरडले. माय हसत सुटली, आणि मग का कोण जाणे, तिनं स्वतःच्याही ओल्या केसांना पुन्हा साबण लावला. आम्ही दोघी मोरीत पांढऱ्या होऊन बसलो. बाहेरून काकू ओरडत होती की पाणी संपेल. त्या संध्याकाळी घरातल्या साऱ्या बायका ओसरीवर केस मोकळे सोडून बसल्या होत्या. दिवा लागला तेव्हा आजीचे केस मला पहिल्यांदा दिसले. मऊ, पिंजलेल्या कापसासारखे, कमरेपर्यंत. मी त्यांत तोंड घातलं. पावसाचाच वास होता.

केसांचा विषय आमच्या भागात आता तेवढ्यावर थांबत नाही. २०२४ च्या डिसेंबरात शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड अशा गावांत माणसांचे केस मुठीनं हातात यायला लागले. डोकं खाजायचं आणि दोन-तीन दिवसांत टक्कल. बायका, म्हातारे, शाळकरी मुलं. जानेवारीपर्यंत अठरा गावांत पावणेतीनशेच्या वर माणसं. आधी पाण्यावर संशय गेला, मग बुरशीवर. टीव्हीवाले आले, दिल्ली-चेन्नईहून पथकं आली. विंचूदंशावरच्या कामासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनी गहू तपासले. रेशनच्या गव्हात सेलेनियम स्थानिक गव्हाच्या कितीतरी पट जास्त निघालं, रक्तातही वाढलेलं, आणि जस्त मात्र कमी. पुढं एप्रिलमध्ये त्याच गावांतून नखं गळाल्याच्या बातम्या आल्या. सगळं पाण्यावर ढकलायची आम्हाला इतकी सवय, की पोळीकडं कुणी पाहिलंच नव्हतं.

त्या दिवसांत नात्यातली एक मुलगी माझ्याकडं आली होती. डोक्याला स्कार्फ घट्ट बांधलेला. तिचं लग्न ठरत होतं, ते थांबलं होतं. पाहुण्यांनी कारण सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. ती चहा न घेता अंगणात गेली आणि कुंडीपाशी उभी राहिली. “मावशी, याच्यानं येतात म्हणे.” तेव्हा सेलेनियमचं काही कळलेलं नव्हतं, आणि तो इराणचा अभ्यास वेगळ्या टकलाचा होता हे मला माहीत होतं. मी कात्री आणली आणि चार फांद्या कापून दिल्या. निम्मं झाड गेलं. कापताना एकच काळजी घेतली: हिरवी पानं जिथं आहेत तिथंच काप घेतला, खालच्या उघड्या लाकडात नाही. तिथून ती पुन्हा फुटत नाही.

मुलीचे केस होळीपर्यंत परत आले, बारीक, उभे. कशानं आले ते तिनं विचारलं नाही, मीही बोलले नाही. तिच्यासोबत केस गेलेल्या बायकांचेही असेच परत येत होते.

तिला दिलेल्या फांद्यांमधून गळलेला एक चार बोटांचा शेंडा मी उचलून ठेवला होता. खालची पानं ओरबाडून ओल्या वाळूत खोचला, सावलीत. पौषाची थंडी याला मानवते. महिनाभरानं हलकेच ओढून पाहिलं, तर त्यानं धरून ठेवलं होतं. तेच आता तिसरं झाड. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो तेव्हा ते पूर्वेच्या भिंतीशी असतं. अकरापर्यंत ऊन, नंतर कडुनिंबाची सावली. याला फूल अजून आलेलं नाही. निळं असतं म्हणतात. भाजीत मी एकदाच घातलं, बटाट्याच्या काचऱ्यांत, आणि ते बरं लागलं. वरणात घालू नये.

मेलबर्नला असलेल्या भाच्यानं मध्ये एक फोटो पाठवला होता. पेट्रोल पंपाच्या कडेनं रोझमेरीचं कंबरेएवढं कुंपण, यंत्रानं सरळ कापलेलं, आणि खाली फुटपाथवर पानांचा सडा. तो लिहितो की एप्रिलच्या २५ तारखेला तिथले लोक पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत पडलेल्या सैनिकांच्या आठवणीत हिची डहाळी कोटाला लावतात. गॅलिपोलीच्या टेकड्यांवर ही रानात वाढते. मायला फोटो दाखवला. तिनं तो दोन बोटांनी मोठा करून पाहिला आणि म्हणाली, “एवढं वाया जाते तिकडं?”

आज दुपारपासून सातपुड्यावर काळं धरलंय. कुंडी उचलून पडवीत आत घेतली, तिला हा पाऊस अंगावर नको. मग माळ्यावरून गंगाळ काढलं. कल्हई गेलीय, पण गळत नाही. मायला विचारलं, कुठं ठेवू. ती उठून आली, वर टिनाकडं पाहिलं आणि पायानं जागा दाखवली.