खोपोली ते गुहागर : कासवांच्या वाटेने

खोपोली हे दुसऱ्यांच्या प्रवासाचे गाव आहे. मुंबई-पुण्याची वाहने इथून बोरघाट चढतात आणि उतरतात, आणि एक्स्प्रेसवे झाल्यापासून तर बहुतेकांना खोपोली फक्त फलकावर दिसते. लोणावळ्याच्या तलावांचे पाणी डोंगरावरून खाली आणून टाटांनी १९१५ साली इथे वीज तयार केली आणि ती मुंबईला पाठवली. पाणी वरून येते, वीज पुढे जाते, गाड्या जात-येत राहतात. गावातली माणसे मात्र शिफ्टला जातात आणि घरी येतात. आमच्यासारख्या घरांत प्रवास म्हणजे नात्यातले लग्न, मयत, नाहीतर पावसाळ्यात पाहुण्यांना झेनिथच्या धबधब्यावर नेणे.

आमचे मियाँ गेल्या वर्षी कारखान्यातून निवृत्त झाले. लग्नाला एकतीस वर्षे झाली होती. या एकतीस वर्षांत आमचे बोलणे बहुतेक डबा, फी, औषधे आणि विजेचे बिल यांपुरतेच झाले. शिफ्ट बंद झाली आणि हा माणूस दिवसभर समोर बसू लागला. काय बोलावे ते त्यांनाही सुचेना, मलाही सुचेना. भांडण नव्हते, भांडण असते तर बरे, असे वाटायचे. ज्या बहिणींच्या घरी अलीकडेच निवृत्ती आली आहे, त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

नणंदेची मुलगी ब्रिस्बेनला असते. ती आणि तिचा नवरा कॅम्पर व्हॅन घेऊन ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याने दोन आठवडे फिरले. गाडीतच झोपायचे, गाडीतच चहा करायचा. बुंडाबर्गजवळ मोन रेपो नावाचा किनारा आहे, तिथे समुद्री कासवे अंडी घालायला येतात आणि वनरक्षक पर्यटकांना रात्री शिस्तीत नेऊन दाखवतात. तिने फोटो पाठवले. ह्यांनी ते दोनदा पाहिले आणि म्हणाले, “कासवं बघायला इतकं लांब कशाला? आपल्या वेळासला येतात की.”

बस, तिथूनच सुरुवात झाली. धाकट्या दिरांची इको गाडी होती. तिच्या मागच्या सीट काढल्या, प्लायवूडची फळी बसवली, तिच्यावर घरातली गादी. खाली पाण्याचे कॅन, छोटी शेगडी, तांदूळ, सुके बोंबील, जानमाज, लोटा. खिडक्यांना माझ्या जुन्या ओढण्यांचे पडदे. शेजारपाजारचे हसले. “या वयात?” असे एका खालांनी विचारलेच. सासूबाईंनी मात्र, त्यांचे वय ब्याऐंशी, एवढेच सांगितले, “जा. माझी काळजी करू नका. मी तुमच्या सासऱ्यांबरोबर पनवेलच्या पुढे कधी गेले नाही.”

ईद होऊन आठवडा झाला होता. एप्रिलचे ऊन होते, पण कासवाची पिल्ले निघण्याचा हंगाम संपायच्या आत जायचे होते.

पेण, वडखळ करत पहिला थांबा किहीम. अलिबागच्या अलीकडचे हे गाव लोक बंगल्यांसाठी ओळखतात. आम्ही थांबलो ते सलीम अलींसाठी. मुंबईच्या सुलेमानी बोहरा घरातला हा मुलगा, जन्म १८९६ चा. बर्लिनला पक्षिशास्त्र शिकून १९३० मध्ये परत आला, तर हातात नोकरी नाही. संग्रहालयातली जागा पैशाअभावी बंद झाली होती. तेव्हा पत्नी तहमीना यांच्यासह ते किहीमला येऊन राहिले. इथल्या सुगरणीच्या घरट्यांसमोर बसून त्यांनी पावसाळाभर निरीक्षण केले आणि जगाला तोवर नीट माहीत नसलेली गोष्ट मांडली. घरटे विणतो नर. अर्धे झाले की थांबतो. मादी येते, आत डोकावते, ओढून-ताणून बघते. पसंत पडले तर राहते आणि मग नर ते पूर्ण करतो. तिची सोय लागली की हे महाशय दुसरे घरटे विणायला घेतात, दुसऱ्या मादीसाठी! विणकाम सगळे नराचे आणि मराठीत नाव मात्र सुगरण. यावर गाडीत आमची बरीच चर्चा झाली. “बघा, पसंती बाईचीच असते,” असे मी म्हणाले, तर हे म्हणाले, “पण घर कोण बांधतं?”

तहमीनांबद्दल फारसे लिहिले गेलेले नाही, आणि मला ते खटकते. हैदराबाद संस्थान, त्रावणकोर, भोपाळ अशा ठिकाणी सलीम अलींनी पक्ष्यांच्या पाहण्या केल्या तेव्हा त्या बरोबर होत्या. तंबूतला संसार, आज इथे तर उद्या तिथे. १९३९ मध्ये एका शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. त्यानंतर अली जवळजवळ अर्धे शतक जगले, पण दुसरे लग्न केले नाही. कॅम्पर व्हॅनचे कौतुक ऑस्ट्रेलियाचे असेल, पण पाखरे बघत फिरणारे जोडपे आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधी होऊन गेले. एप्रिलमध्ये सुगरणीची घरटी रिकामी असतात. एका शिंदीच्या झाडाला गेल्या वर्षीची चार लोंबत होती, तेवढी पाहून पुढे निघालो.

रेवदंडा, कोर्लई, काशीद. काशीदला गर्दी, घोडागाड्या, भजी. तिथे थांबण्यासारखे आम्हाला काही नव्हते. आत सुपेगावकडे वळले की फणसाड अभयारण्य लागते. हे जंगल मुरुड-जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीचे राखीव रान होते. सिद्दी नवाब मूळचे आफ्रिकेतून आलेले हबशी. ‘जंजिरा’ हा शब्दही अरबी ‘जझीरा’चे, म्हणजे बेटाचे रूप. जंजिरा किल्ला पाहायला हजारो जण जातात, पण त्याच नवाबांच्या शिकारीच्या हौसेमुळे एक अख्खे रान कुऱ्हाडीतून वाचले, हे कुणी सांगत नाही. १९८६ मध्ये ते अभयारण्य झाले. पाणवठ्याला इथे ‘गाण’ म्हणतात. एप्रिलमध्ये ओढे आटतात, तेव्हा जनावरे गाणीवर येतात.

आम्ही पहाटे फजर पढून चालायला लागलो. वनखात्याचा वाटाड्या बरोबर होता. दोन तास काहीच दिसले नाही. गारंबीच्या जाड वेली झाडांवरून अजगरासारख्या लोंबत होत्या, भेकराचे भुंकणे एकदा ऐकू आले, एवढेच. मग ह्यांनी माझा हात धरून थांबवले. वर आंब्याच्या फांदीवर तांबूस-तपकिरी अंग, मलईच्या रंगाचे पोट आणि झुपकेदार लांब शेपूट. शेकरू! आपल्या राज्याचा प्राणी. शेपटीसकट तीन फूट तरी भरेल. ते मागच्या पायांवर लटकून, उलटे होऊन कैरी खात होते. जमिनीवर ते क्वचितच उतरते. एका झाडावरून दुसऱ्यावर झेप घेते. झाडांची साखळी तुटली की त्याचा रस्ताच तुटतो. आम्ही पंधरा मिनिटे मान वर करून उभे होतो. माझा हात ह्यांनी सोडला नव्हता, हे मला परत येताना लक्षात आले.

आगरदांड्याहून दिघीला फेरीबोटीने गाडी पार केली. पुढे दिवेआगर, श्रीवर्धन. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात याच पट्ट्यातल्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या होत्या. नवी लावलेली झाडे आता कुठे माणसाच्या उंचीपलीकडे गेली आहेत. रात्री श्रीवर्धनला एका मशिदीच्या आवारात गाडी लावायची परवानगी मिळाली. इशाला आलेल्या बुजुर्गांपैकी एकांच्या घरून तांदळाच्या भाकऱ्या आणि कोलंबीचे कालवण आले. आम्ही कोण, कुठले, हे त्यांनी जेवण झाल्यावर विचारले.

बागमांडल्याची दुसरी फेरी घेतली की खाडीपलीकडे रत्नागिरी जिल्हा सुरू होतो. वेश्वी, बाणकोट आणि मग वेळास. नाना फडणविसांचे गाव म्हणून पुस्तकात वाचलेले. आता ते कासवांचे गाव आहे.

इथे येणारे कासव म्हणजे ऑलिव्ह रिडले. मादी रात्री वाळूत येते, मागच्या पायांनी दीड-दोन फूट खोल खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू ढकलून वर अंगाने दाबते आणि निघून जाते. पुन्हा पाहायला येत नाही. साधारण पन्नास दिवसांनी पिल्ले आपली आपण बाहेर येतात. पूर्वी ही अंडी कोल्हे, कुत्रे आणि माणसे यांच्या पोटात जात. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे लोक समुद्र गरुडाची पाहणी करत इथे आले, तेव्हा त्यांना अंड्यांची टरफले दिसली. भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावाशी बोलणे सुरू केले. जे लोक अंडी शोधण्यात तरबेज होते, त्यांनाच अंडी राखायला उभे केले. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला आणि लोक पाहायला येऊ लागले. घरोघरी पाहुणे राहतात, बायकांच्या हाती चार पैसे येतात. मला ही युक्ती फार शहाणपणाची वाटते. ‘पाप लागेल’ म्हणून किती दिवस अंडी वाचली असती, कुणास ठाऊक. पिल्लू जगले तर पोट चालते हे दिसले आणि वाचली.

आम्ही ज्यांच्या अंगणात गाडी लावली त्या काकूंना मी आधीच सांगितले, “काकू, आम्ही मुसलमान आहोत, झोपू गाडीत, फक्त जेवण आणि पाणी हवंय.” त्या म्हणाल्या, “आमच्याकडे कांदा-लसूणही नसतो, चालेल ना?” हलालचा प्रश्न असा एका वाक्यात मिटला. आमटी, भात, फणसाची भाजी, सोलकढी. अस्रच्या वेळी वुजू करताना त्यांनी स्वतः विहिरीचे पाणी काढून दिले आणि सुपारीखालची जागा झाडून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर गेलो. जाळीच्या कुंपणात हलवलेली घरटी, प्रत्येकावर टोपली, पाटीवर अंडी ठेवल्याची तारीख. कासवमित्राने एक टोपली उचलली. खाली काहीच नव्हते. दुसरी, तिसरी. शहरातून आलेली मुले कंटाळली. सातव्या टोपलीखाली वाळू हलत होती.

अकरा पिल्ले निघाली. तळहातावर सहज मावतील एवढी, काळपट, डोळ्यांवर वाळू. त्यांना दोरीच्या अलीकडे, पाण्यापासून थोड्या अंतरावर सोडले. थेट पाण्यात सोडत नाहीत. वाळूवरून चालणे त्यांना गरजेचे, कारण हा किनारा त्यांना लक्षात राहतो असे मानतात आणि मोठी झालेली मादी पुन्हा याच भागात येते. ती उजेडाच्या क्षितिजाकडे, समुद्राकडे जातात. कोकणात समुद्र पश्चिमेला आणि आपला किब्लाही पश्चिमेलाच, किंचित उत्तरेकडे झुकलेला. तासाभरापूर्वी आम्ही ज्या बाजूला तोंड करून फजर पढलो होतो, त्याच बाजूला ती अकरा पिल्ले निघाली होती.

एक मागे राहिले. उलटे पडायचे, पाय हलवायचे, सरळ व्हायचे. लाट आली की परत मागे. हे दोरीजवळ उकिडवे बसले आणि हळूच म्हणाले, “चल बेटा, चल.” असा आवाज मी शेवटचा ऐकला होता तो आमचा मुलगा चालायला शिकत होता तेव्हा. चौथ्या लाटेने ते नेले. मोठे होईपर्यंत हजारात एखादेच वाचते, असे कासवमित्र म्हणाला. हे काही बोलले नाहीत.

त्याच्याकडून आणखी एक गोष्ट कळली. नर की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. वाळू गरम असेल तर माद्या जास्त, थंड असेल तर नर जास्त. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातल्या अजून पूर्ण वाढ न झालेल्या हिरव्या कासवांत ९९ टक्क्यांहून अधिक माद्या आढळल्या. भाचीच्या ऑस्ट्रेलियातली ही गोष्ट वेळासलाही लागू होऊ शकते. उन्हाळे वाढत आहेत. शिवाय किनाऱ्याने रेवस-रेड्डी सागरी महामार्ग होतो आहे, खाड्यांवर पूल होणार आहेत. आम्ही फेरीत घालवलेला वेळ वाचेल हे खरे. दिवे, ढाबे आणि बंगलेही त्याच रस्त्याने येतील, आणि उजेडाच्या दिशेने चालणाऱ्या पिल्लाला विजेचा दिवाही समुद्रच वाटतो.

सूरह अनआममध्ये जमिनीवरचे जीव आणि उडणारी पाखरे याही आपल्यासारख्याच उम्मती असल्याचे सांगितले आहे. प्रवासात कुणी पाखराची पिल्ले उचलून आणली तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ती आईला परत करायला लावली, ही हदीस आपण मुलांना सांगतो. आपल्या कोकणी मोहल्ल्यांपैकी किती तरी वस्त्या याच वाळूला लागून आहेत. बाणकोट, केळशी, हर्णै, दाभोळ. तिथल्या जुम्याच्या बयानात कासवाचा विषय कधी निघतो का?

पुढे केळशी, आंजर्ले. हर्णैला मासळीचा लिलाव चालू असताना सुवर्णदुर्गाच्या बाजूला डॉल्फिनच्या पाठी दोनदा वर आल्या. बोटीचे पैसे वाचले. दाभोळला दगडी अंडा मशीद पाहून फेरीने धोपावे, आणि शेवटी गुहागर. इथे जानेवारी २०२५ मध्ये एक मादी अंडी घालायला आली. तिच्या पायाला खूण होती, २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेली. सुमारे ३५०० किलोमीटरची वाट! त्याआधी २०२३ मध्ये गुहागरहून उपग्रह यंत्र लावून सोडलेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली होती. ही बाई तिकडून इकडे आली. “आणि आपण पनवेलच्या पुढे जायला एकतीस वर्षं लावली,” हे म्हणाले. सासूबाईंचे बोल त्यांना लागले होते, हे मला तेव्हा कळले.

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी थोडे. पिल्ले साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत निघतात. जाण्याआधी गावात फोन करून घरट्यांची तारीख विचारा. किनाऱ्यावर रात्री बॅटरी आणि मोबाइलचा फ्लॅश नको. फेरीच्या वेळा आधी पाहा, शेवटची चुकली तर मोठा वळसा पडतो. गाडीत झोपायचे तर वस्तीत, कुणाला तरी विचारून झोपा. आम्हाला एकाही गावाने नाही म्हटले नाही.

पाऊस लागला की सुगरणी विणायला घेतात. तेव्हा किहीमला पुन्हा जायचे ठरले आहे, आणि या वेळी पुढच्या सीटवर सासूबाई बसणार आहेत.