करवंदाचं कुंपण

करवंदाची जाळी मुद्दाम कोणी लावतं का, असं कोकणात अजूनही विचारतात. प्रश्न चुकीचा नाही. उतारावर, कातळाच्या भेगेत ती आपसूक वाढते; वैशाखात डोंगरावर जायचं, चिकाने ओठ चिकट करून घेत पोटभर खायचं, एवढाच तिच्याशी संबंध. रत्नागिरीजवळच्या आमच्या आवाराला तारेऐवजी करवंदाचं कुंपण केलं, ते पाखरांसाठी.

रोपवाटिकेवाल्याने ‘कोकण बोल्ड’ सुचवली होती. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ही जात टपोऱ्या फळांची, लोणच्याला झकास. पण बुलबुलाला फळ गिळता आलं पाहिजे, लोणचं घालायचं नाही! म्हणून बी रानातलंच घेतलं. पिकलेली फळं कुस्करली, बी धुऊन लगेच पिशव्यांत लावलं आणि रोपं पुढच्या पावसात जमिनीत गेली. सुरुवातीला वाढ रेंगाळते. एकदा का काटेरी फांद्या एकमेकींत गुंतल्या, की शेळीसुद्धा वाट बदलते.

पहिली पाखरं आली ती फळांसाठी नव्हे, घरट्यासाठी.

लालबुड्या बुलबुलाने काट्यांच्या आत वाटीसारखं घरटं बांधलं. मांजर बाहेरूनच घुटमळायचं. भारद्वाज मात्र काट्यांना जुमानत नाही, पिल्लं पळवतोच. फळं काळी पडू लागली तसे शिपाई बुलबुल, साळुंक्या आणि कोकीळ येऊ लागले. एरवी नुसता ऐकू येणारा कोकीळ इथे चक्क दिसतो: नर काळाभोर, मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके.

शेजारच्या पडीक जागेत घाणेरी माजली आहे. तिचीही फळं हेच बुलबुल खातात. मूळची अमेरिकेतली ही वनस्पती एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याच्या बागेत शोभेसाठी आणली आणि पुढे पाखरांनी तिचं बी रानोरान नेलं. पाखरांना देशी-परदेशी कळत नाही, त्यामुळे नुसती पाखरं येतात म्हणून घाणेरी राखणं मला पटत नाही.

मे महिन्यात बाजारात पानांच्या द्रोणातून करवंदं येतात. त्यातली मूठभर पिकलेली बाजूला काढा आणि बी त्याच आठवड्यात पेरा. साठवलेल्या बीची रुजण्याची ताकद लवकर जाते. छाटणी करायचीच तर फळं संपून घरटी रिकामी झाल्यावर करा. ऐन उन्हाळ्यात कोयता लावू नका.