गोदामातली माणसं

डब्लिनला लिफी नदीच्या धक्क्यावर १८२० साली बांधलेलं तंबाखूचं गोदाम आहे. त्याच्या दगडी कमानींच्या तळघरांत २०१६ पासून ‘एपिक’ हे आयरिश स्थलांतराचं संग्रहालय आहे. आत शिरताना पासपोर्टसारखी पुस्तिका मिळते. एकूण वीस दालनं, आणि दालनागणिक तिच्यावर आपणच शिक्का उमटवायचा.

काचेमागच्या जुन्या वस्तू इथे जवळपास नाहीतच. पडद्याला हात लावला की चेहरे उमटतात, कमानीखालून आवाज येतात. मला हे पटलं. १८४५ पासून बटाट्यावर करपा पडत गेला, दहा लाख माणसं भुकेने आणि रोगांनी मेली, तेवढीच देश सोडून गेली. त्याही दिवसांत धान्य बंदरांतून परदेशी जातच होतं. अशा घरांतून निघालेल्यांच्या कसल्या वस्तू मागे उरणार?

पण पुढे पुढे शास्त्रज्ञ, गायक, खेळाडू, अमेरिकेचे अध्यक्ष यांची गर्दी होत जाते, तसा माझा जीव कासावीस होऊ लागला. मला आठवत होती अ‍ॅनी मूर. कॉर्कची ही किशोरवयीन मुलगी दोन धाकट्या भावांना घेऊन १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर उतरली. तिथल्या स्थलांतरितांच्या ठाण्यात नोंद झालेली ती पहिली. पुढे ती पश्चिमेला टेक्सासला गेली, असं कित्येक वर्षं सांगत. २००६ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं, की ती टेक्सासची बाई निराळीच होती. खरी अ‍ॅनी न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत राहिली, तिची काही मुलं लहानपणीच गेली, आणि १९२४ मध्ये ती वारली तेव्हा थडग्यावर नावाचा दगडही लागला नाही. तो लागला २००८ साली.

अशा किती मुली! आयर्लंडमधून लग्नाआधीच, एकट्या निघालेल्या बायकांचं प्रमाण युरोपातल्या इतर देशांच्या मानाने फार मोठं होतं. बॉस्टन-न्यूयॉर्कच्या श्रीमंत घरांत त्या धुणीभांडी, स्वयंपाक करत आणि साठवलेल्या डॉलरांतून पाठच्या बहिणीचं तिकीट काढत. तिकडे गावात, मुलगी निघण्याच्या आदल्या रात्री शेजारीपाजारी जमून पहाटेपर्यंत नाचगाणी, रडणं चाले. मयताजवळ रात्र जागवतात तसं. आईबापांना पक्कं ठाऊक असे, की ही पुन्हा दिसायची नाही. त्या आईबापांपाशी, मागे राहिलेल्यांपाशी, या संग्रहालयाने आणखी थांबायला हवं होतं.

मराठी माणसाला आयर्लंड म्हटलं की लिओ वराडकर आठवतात. २०१७ मध्ये ते तिथले पंतप्रधान झाले, तेव्हा मालवण तालुक्यातल्या वराड या त्यांच्या वडिलांच्या मूळ गावाला केवढा आनंद झाला होता. मला मात्र जास्त मोलाचे वाटतात त्यांचे आईवडील: मुंबईचा डॉक्टर आणि आयरिश परिचारिका, दोघंही घर सोडून इंग्लंडमध्ये काम करत असताना भेटलेले. आज डब्लिनच्या रुग्णालयांत भारतातून आलेल्या कितीतरी परिचारिका रात्रपाळी करतात. त्यांच्यातली कुणी पंतप्रधानाची आई होईल न होईल. ती कशी निघाली, घरी कुणाला सोडून आली, हे आत्ताच, ती सांगू शकते आहे तोवर, तिच्याच तोंडून टिपून घ्यायला हवं.